विममध्ये तीच दुरुस्ती शेकडो ओळींत कशी करायची? डॉट कधी चालतो, कधी नाही

वाचनवेल
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर नीट लावायचं काम मी घेतलंय. ड वर्गाचं छोटं वाचनालय आहे, साधारण १४०० पुस्तकं, दाखल नोंदवहीवरून दोन मुलींनी मोठ्या कष्टानं सगळं टाइप करून दिलं, पण एका पुस्तकाच्या तीन ओळी झाल्यात, पहिलीत नाव, दुसरीत लेखक, तिसरीत किंमत म्हणजे १५०/- अशी, आणि मग एक रिकामी ओळ. आकडे फाइलमधे इंग्रजीच आहेत. मला एका पुस्तकाची एक ओळ हवीये, मधे कॉमा, आणि किमतीमागचं /- काढून.

विम (मजकूर लिहायचा-सुधारायचा एडिटर) मी आठ महिने वापरतीये, ऑफिसात सर्व्हरवर तेच आहे म्हणून शिकले आणि आता आवडायला लागलंय. डॉट दाबला की मागची कृती परत होते एवढं माहितीये. पण होतं काय, मी $ दाबून ओळीच्या शेवटी जाते, ए दाबते, कॉमा टाकते, एस्केप. खालच्या ओळीवर येऊन डॉट दाबला की कधी कॉमा बरोब्बर शेवटी पडतो, कधी लेखकाच्या नावाच्या मधेच. एकाच फाइलमधे, एकाच पद्धतीनं करून! काल रात्री दीड तास हे हातानं केलं आणि ७० पुस्तकं झाली. असं चाललं तर दिवाळी येईल.

आणखी एक, नोंदवहीत कुळकर्णी आणि कुलकर्णी अशी दोन्ही आडनावं आहेत. काही लेखक खरंच कुळकर्णी लावतात आणि काही ठिकाणी लिहिणाऱ्याच्या सवयीनं तसं झालंय. त्यामुळे सरसकट बदलता येत नाही, एकेक बघून ठरवावं लागणार. त्याला काही मार्ग आहे का?

(कमांडची अक्षरं मी नावानंच लिहितीये, शिफ्टसकट असेल तर मोठा ए, मोठा जे असं म्हणते, समजून घ्या.)

रात्रपाळी
ताई, कॉमाचं कोडं सोपंय. डॉट फक्त बदल परत करतो, तिथपर्यंत तुम्ही कशा पोचलात ते त्याच्या लक्षात नसतं. $ ही नुसती हालचाल झाली. ए, कॉमा, एस्केप एवढाच बदल झाला. म्हणजे डॉट काय करतो, तर कर्सर जिथे असेल त्याच्या पुढे कॉमा. खालची ओळ वरच्यापेक्षा आखूड असली की कर्सर आपोआप तिच्या शेवटच्या अक्षरावर येऊन थांबतो म्हणून बरोबर पडतो, आणि लांब असली की मधेच. म्हणून कधी होतंय कधी नाही.

$ आणि ए च्या जागी मोठा ए वापरा. तो ओळीच्या शेवटी जाऊन लिहायला लागतो आणि ते जाणं बदलाचाच भाग धरलं जातं. मग जे, डॉट, जे, डॉट करत सुटा. तसंच ओळीच्या सुरवातीला घालायचं असेल तर मोठा आय. एक शब्द बदलायचा असेल तर सी आय डब्ल्यू, कर्सर शब्दात कुठेही असला तरी अख्खा शब्द जातो, डी बी आणि एक्स दाबून तुकड्या तुकड्यानं काढला तर डॉटला फक्त शेवटचा तुकडा मिळतो.

पण तुमच्या कामाला डॉट पुरणार नाही, मॅक्रो करा, म्हणजे दाबलेल्या कीज रेकॉर्ड करून त्याच परत परत चालवायच्या. पहिल्या पुस्तकाच्या नावावर जा आणि क्यू ए दाबा म्हणजे ए नावाच्या रजिस्टरमधे (विमच्या साठवणीच्या कप्प्यात) रेकॉर्डिंग सुरू. मग मोठा ए, कॉमा, एस्केप, मोठा जे (खालची ओळ वर जोडली जाते), परत मोठा ए, कॉमा, एस्केप, मोठा जे. मग $ आणि दोनदा एक्स, म्हणजे /- गेलं. मग जे दाबून रिकाम्या ओळीवर, डी डी नं ती उडवा, कर्सर पुढच्या पुस्तकाच्या नावावर येतो. क्यू दाबून रेकॉर्डिंग बंद. आता @ए दाबलं की एक पुस्तक, @@ दाबलं की परत तेच, ३००@ए म्हणजे तीनशे. पाच मिनिटांचं काम.

वाचनवेल
मोठा ए! आठ महिने मी हे कसं पाहिलं नाही. खूप आभार.

पण मॅक्रोनं घात झाला हो. आधी पाच-सहा वेळा @@ करून बघितलं, सुंदर चाललं, मग ३००@ए दिलं. वरची ६१ पुस्तकं ठीक आणि त्यानंतर एकाही पुस्तकाचं नाव नाही, नुसते लेखक आणि किमती! तिथे बघितलं तर ६२ व्या पुस्तकाला किंमतच लिहिलेली नाही, भेट आलेलं असणार, म्हणजे दोनच ओळी आणि रिकामी ओळ. फाइल सेव्ह केलेली नव्हती म्हणून बंद करून परत उघडली, काही गेलं नाही. पण आता हात लावायची भीती वाटायला लागलीये.

बार्शी_लाइट
भीती नका बाळगू, हे प्रत्येकाचं एकदा होतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मी गेली बावीस वर्षं सर्व्हरच्या कामात आहे, सकाळ संध्याकाळ विममधेच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६२ व्या पुस्तकाशी काय झालं बघा. नाव आणि लेखक जोडले गेले, मग दुसरा मोठा जे आला त्यानं किमतीच्या जागी रिकामी ओळच वर ओढून घेतली. $ आणि दोनदा एक्स नं /- नव्हतंच म्हणून ओळीच्या शेवटची जी दोन अक्षरं मिळाली ती खाल्ली. मग जे दाबलं की कर्सर रिकाम्या ओळीवर नाही तर थेट ६३ व्या पुस्तकाच्या नावावर, आणि डी डी नं ते नाव उडालं. इथून पुढे मॅक्रो एक ओळ पुढे सरकून चालतोय, त्यामुळे प्रत्येक फेरीला एकेक नाव जाणार. रात्रपाळीनं सांगितलेला मॅक्रो चुकीचा नाही, फाइल अगदी एकसारखी असती तर चालला असता. पण माणसांनी टाइप केलेली १४०० पुस्तकांची फाइल एकसारखी कधीच नसते.

आता मुख्य गोष्ट. विमच्या मॅक्रोमधली एखादी हालचाल फसली की मॅक्रो तिथल्या तिथे थांबतो आणि त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात. एफ नं शोधलेलं अक्षर त्या ओळीत नसेल, शेवटच्या ओळीवर जे दाबलं असेल, अशा वेळी. लोक याला अडचण समजतात, मी याला ब्रेक समजतो. म्हणून मॅक्रो असा लिहायचा की ओळ अपेक्षेप्रमाणे नसेल तर तो फसलाच पाहिजे. $ आणि एक्स कधीच फसत नाहीत, ओळीत काय आहे ते न बघता खातात. त्याऐवजी $ नंतर मोठा एफ आणि / दाबा, म्हणजे शेवटाकडून मागे पहिला / शोध, आणि मग मोठा डी, म्हणजे तिथपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं काढ. किंमत नसलेल्या पुस्तकावर / सापडणार नाही, मॅक्रो थांबेल, कर्सर त्याच ओळीवर उभा असेल. तुम्ही बघायचं, हातानं नीट करायचं, पुढच्या नावावर जाऊन परत ३००@ए.

दुसरं, मॅक्रोमधे डी डी ठेवूच नका. दोनदा जे दाबून रिकामी ओळ ओलांडा. समजा काही सरकलंच तरी काही पुसलं जाणार नाही. रिकाम्या ओळी सगळ्यात शेवटी एका फटक्यात काढता येतात, :जी/^$/डी असं लिहून एंटर. ^$ म्हणजे रिकामी ओळ, आणि जी म्हणजे जिथे जिथे हा नमुना सापडेल त्या प्रत्येक ओळीवर पुढची कमांड चालव, इथे डी म्हणजे डिलीट.

म्हणजे नवीन मॅक्रो: क्यू ए, मोठा ए, कॉमा, एस्केप, मोठा जे, मोठा ए, कॉमा, एस्केप, मोठा जे, $, मोठा एफ, /, मोठा डी, जे, जे, क्यू.

सुरू करायच्या आधी फाइल सेव्ह करा. बिघडलंच तर :अर्लियर १एफ लिहा, शेवटचं सेव्ह केलं तेव्हाचा मजकूर परत येतो. :अर्लियर ५एम लिहिलं तर पाच मिनिटांपूर्वीचा. यू (अनडू) दाबत बसायची गरज नाही.

मळ्यातला_टर्मिनल
एक विचारू का, यासाठी पायथन भाषेत दहा ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली तर सरळ नाही होणार? रिकाम्या ओळीवर तुकडे पाडायचे, तीन ओळी असतील तर जोडायच्या, नसतील तर वेगळ्या फाइलमधे टाकायच्या. मला एवढे मॅक्रो लक्षात ठेवण्यापेक्षा ते बरं वाटतं.

बार्शी_लाइट
@मळ्यातला_टर्मिनल दर महिन्याला अशी फाइल येणार असती तर मीही स्क्रिप्टच लिहिली असती. पण ही फाइल एकदाच सरळ करायची आहे, आणि प्रत्येक वाकड्या नोंदीपाशी ताईंना थांबून नोंदवही उघडून बघायचंच आहे. भेट आलेलं पुस्तक, नाव दोन ओळींत गेलेलं पुस्तक, दोन लेखक असलेलं पुस्तक, हे सगळे निर्णय माणसाचे आहेत आणि ते फाइल समोर उघडी असताना घेतलेले बरे. स्क्रिप्टमधे एकेक अपवाद घालत गेलं की दहा ओळींच्या साठ होतात.

करड्या_पडद्यावरून
मी थोडा वेगळा रस्ता सुचवतो, कारण नाव दोन ओळींत गेलं असेल तर वरच्या मॅक्रोला तेही आवडणार नाही. मोठं काम एका मॅक्रोत कोंबण्यापेक्षा त्याचे लहान लहान टप्पे करा, प्रत्येक टप्प्यात अख्ख्या फाइलवर एकच गोष्ट.

आधी :जी/./नॉर्मल मोठा ए आणि कॉमा. म्हणजे ज्या ओळीत एक तरी अक्षर आहे त्या प्रत्येक ओळीवर जाऊन, तुम्ही हातानं मोठा ए आणि कॉमा दाबल्यासारखं कर. एस्केप लिहावा लागत नाही, नॉर्मल कमांड संपली की तो आपोआप धरला जातो. मग फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ आहे ना ते बघा, आणि :जी/./,/^$/जॉइन. अक्षर असलेल्या ओळीपासून पुढच्या रिकाम्या ओळीपर्यंतचं सगळं एका ओळीत. तीन ओळी असोत, दोन असोत, चार असोत, एका पुस्तकाची एक ओळ होते, आणि मधल्या रिकाम्या ओळीही त्यातच विरून जातात. आता :व्ही/-$/ नाही, ओळीशेवटी कॉमा आलाय म्हणून :व्ही/-,$/पी लिहा. व्ही म्हणजे जी च्या उलट, जिथे नमुना नाही त्या ओळी. किंमत नसलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी खाली छापून येईल, ती कागदावर उतरवून नोंदवही काढा. उरलेल्या ओळींच्या शेवटचं /-, शोधून काढणं मग एका सबस्टिट्यूटचं (शोधून बदलायच्या कमांडचं) काम आहे.

जी चा मोठा फायदा हा की तो आधी अख्खी फाइल वाचून कुठल्या ओळींवर जायचं त्या खुणा करून ठेवतो आणि मग एकेकीवर काम करतो, त्यामुळे एका ओळीवर नॉर्मल फसलं तरी पुढच्या ओळी अडत नाहीत. ३००@ए मधे साखळी असते, एक कडी तुटली की सगळं थांबतं. दोन्हीचा उपयोग आहे. जिथे थांबून बघायचं तिथे साखळी, जिथे चुकलेल्या ओळी मागे ठेवून पुढे जायचं तिथे जी. रेकॉर्ड केलेला मॅक्रोसुद्धा :जी/नमुना/नॉर्मल @ए असा चालवता येतो, किंवा ओळी सिलेक्ट करून : दाबून नॉर्मल @ए.

हा जी विमच्याही आधीचा आहे, युनिक्सच्या ईडी एडिटरमधला. ग्रेप या शोधायच्या कमांडचं नावसुद्धा तिथल्याच जी, रेग्युलर एक्स्प्रेशन, पी या कमांडवरून पडलं. मग १९७६ च्या सुमारास बर्कलीला बिल जॉयनं विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा मोडेम इतके हळू होते की पडद्यावर एकेक अक्षर यायची वाट बघावी लागायची, कमी कीज दाबून जास्त काम होणं ही तेव्हाची गरज होती. ब्राम मूलेनारनं १९९१ साली विम पहिल्यांदा अमिगा कॉम्प्युटरसाठी बाहेर काढला आणि २०२३ च्या ऑगस्टमधे तो जाईपर्यंत सांभाळला. विम नुसता उघडला की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्याचीच. मी त्या ओळीवरून एकदा पैसे पाठवले होते, वापरणाऱ्यांनी शक्य असेल तर जरूर बघा.

वाचनवेल
काका (काका म्हटलं तर चालेल ना?) हे जॉइनचं वाचून अंगावर काटा आला. करून बघितलं, एका क्षणात अख्खी फाइल. १३९६ ओळी आल्या. किंमत नसलेली ३८ पुस्तकं निघाली आणि ती बहुतेक सगळी एकाच माणसानं भेट दिलेली आहेत असं नोंदवहीत दिसतंय.

आता कुळकर्णी राहिले. आणि एक लहान शंका, लिहिताना मधेच ॲरो की नं मागे जाऊन काही सुधारलं आणि मग एस्केप दाबला तर डॉट अर्धवटच का लिहितो?

रात्रपाळी
ॲरो की दाबली की विमच्या दृष्टीनं तिथे एक बदल संपला आणि दुसरा सुरू झाला. म्हणून डॉटला ॲरोच्या नंतरचाच भाग मिळतो. लिहिताना चुकलं तर बॅकस्पेसनं मागे या, नाहीतर एस्केप दाबून सरळ पहिल्यापासून करा. पहिला बदल स्वच्छ केला की पुढचे सगळे फुकट मिळतात, म्हणून त्या पहिल्याला मी वेळ देतो.

कुळकर्णींसाठी सी जी एन बघा, मला विममधली सगळ्यात लाडकी गोष्ट हीच आहे. / दाबून कुळकर्णी शोधा. मग सी जी एन दाबा, म्हणजे शोधलेली पुढची जागा पकड आणि बदल. कुलकर्णी लिहा, एस्केप. आता शोधणं आणि बदलणं दोन्ही मिळून एकच बदल झाला. एन दाबलं की पुढच्या कुळकर्णींवर जाता. बदलायचं असेल तर डॉट, नसेल तर परत एन. बघा, एन, डॉट, एन, एन, डॉट, असं चालत राहायचं. हे विम ७.४ पासून आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरसुद्धा बहुधा मिळेल.

एक सांभाळा, मधेच दुसरी काही दुरुस्ती केलीत तर डॉटमधे ती बसते आणि कुलकर्णी जातात. तशी शक्यता असेल तर सबस्टिट्यूटला शेवटी जी सी लावा, तो प्रत्येक ठिकाणी थांबून विचारतो, वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, क्यू म्हणजे पुरे.

बाकी पुन्हा करायच्या कमांड पटकन सांगतो. @: नं शेवटची कोलनवाली कमांड परत होते, ; नं शेवटचं एफ किंवा टी (ओळीत अक्षर शोधणं), & नं शेवटचं सबस्टिट्यूट या ओळीवर. डॉटच्या आधी आकडा दिला तर तेवढ्या वेळा.

ईमॅक्सवाला
विमवाल्यांच्या गप्पांत येतोय, पण हेच ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमधे करणारे वाचत असतील म्हणून. एफ३ नं रेकॉर्डिंग सुरू, एफ४ नं बंद, परत एफ४ दाबलं की मॅक्रो चालतो. आधी कंट्रोल यू आणि शून्य देऊन चालवला तर काहीतरी फसेपर्यंत चालत राहतो, म्हणजे बार्शी_लाइट म्हणतात तो ब्रेक तिथेही आहे. नुसती शेवटची कमांड परत हवी तर कंट्रोल एक्स, झेड, आणि मग झेड, झेड, झेड.

वाचनवेल
सी जी एन नं वीस मिनिटांत सगळे कुळकर्णी बघून झाले! नोंदवही मांडीवर होती.

शेवटचे दोन प्रश्न. प्रत्येक ओळीच्या सुरवातीला १, २, ३ असा अनुक्रमांक द्यायचाय आणि नंतर सगळे आकडे मराठीत करायचेत. आणि नवी पुस्तकं आली की मुली अशाच तीन ओळींत टाइप करून देणार आहेत, तर ब्रेकवाला मॅक्रो जपून ठेवता येतो का? काल मी त्याच ए रजिस्टरमधे एक ओळ कॉपी केली आणि मॅक्रो गायबच झाला.

बार्शी_लाइट
मॅक्रो आणि कॉपी एकाच रजिस्टरमधे राहतात, वेगळी जागा नसते, म्हणून गेला. तसा तो विम बंद केल्यावरही विमइन्फो फाइलमधे टिकतो, पण भरवशाचा मॅक्रो विमआरसी या सेटिंगच्या फाइलमधे लिहून ठेवावा. रेकॉर्ड केल्यावर रिकाम्या ओळीवर " ए पी दाबा, मॅक्रो साध्या अक्षरांत उमटेल, वाचता येईल. मग विमआरसीत लेट @ए = असं लिहून डबल कोटमधे तीच अक्षरं, आणि एस्केप जिथे आहे तिथे बॅकस्लॅश आणि कोनी कंसात ईएससी. विम उघडताच तो ए मधे हजर. मी अशांसाठी झेड, वाय अशी शेवटची रजिस्टरं ठेवतो, तिथे चुकून कॉपी होत नाही.

अनुक्रमांकासाठी आधी :%नॉर्मल मोठा आय, त्यापुढे शून्य आणि कॉमा, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे शून्य आलं. मग पहिल्या ओळीवर मोठा व्ही, मोठा जी करून सगळ्या ओळी सिलेक्ट करा आणि जी दाबून कंट्रोल ए. पहिल्या ओळीत एक वाढतो, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं शेवटपर्यंत. विम ८ पासून आहे. आकडे मराठीत करायचं काम त्यानंतरच करा, कारण कंट्रोल ए ला देवनागरी आकडे ओळखता येत नाहीत, त्याला तो अक्षरंच समजतो. आणि ००१ असे शून्य लावून सुरू करू नका, जुन्या सेटिंगमधे विम त्याला अष्टमान पद्धतीचा आकडा समजतो आणि ००७ नंतर ०१० येतो.

देवनागरी करायला सबस्टिट्यूटमधे टीआर फंक्शन (अक्षराला अक्षर बदलून देणारं) वापरा, शून्य ते नऊ इंग्रजी एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला, अख्खी ओळ सबमॅच म्हणून द्यायची. पण त्याआधी इंग्रजी आकड्यांची एक प्रत वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेवा, उद्या किमतींची बेरीज करायची वेळ आली तर तीच लागेल.

वाचनवेल
प्रत ठेवली. विमआरसीत झेड मधे मॅक्रो टाकला आणि नव्या बारा पुस्तकांवर चालवून बघितला, सातव्यावर थांबला, त्याला किंमत नव्हती. उरलेल्या ३८ च्या किमती शोधायला शनिवारी वाचनालयात जातीये.